वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा-वीस वर्षं नोकरी झाली की मधल्या सुट्टीत चहाबरोबर एक विषय निघतोच. अमक्या सरांनी फॉर्म भरला म्हणे, तमक्या मॅडम लातूरला क्लास लावायल्यात, तुमचं काय? फॉर्म असतो केंद्रप्रमुखाचा. १ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयानं या पदाच्या निम्म्या जागा पदोन्नतीनं आणि निम्म्या शिक्षकांतूनच विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षा घेऊन भरायचं ठरलं. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेणार, दोनशे गुणांची. मग जाहिरात निघाली, तारखा पुढे गेल्या, वयाच्या अटीवरून वाद झाले, प्रकरणं कोर्टात गेली, पुन्हा जाहिरात निघाली. या सगळ्या काळात माझ्यासारखे कितीतरी जण कुंपणावर बसून होते. पदवी आहे, सेवा आहे, पुढे बरीच नोकरीही शिल्लक आहे. जावं का?

मी किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात शिकवते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजार मानधनावर लागले, कायम झाले, नोकरी करतच नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. वर चढायची शिडी मला पाठ आहे: केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी किंवा उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. शेवटच्या पायरीवरचा माणूस सगळ्या जिल्ह्याच्या शाळा बघतो. आमच्या गावात मात्र या सगळ्यांना एकच शब्द आहे, साहेब. शाळेपुढे गाडी थांबली की पोरं एका सुरात सांगतात, “बाई, साहेब आलेत.”

केंद्रप्रमुख हे पद फार जुनं नाही. १९९४ साली दहाएक शाळांचं एक केंद्र धरून राज्यात ४,८६० केंद्रं केली गेली आणि प्रत्येक केंद्राला एक माणूस दिला. ज्यानं स्वतः वर्ग घेतलेला आहे त्यानंच आसपासच्या शाळांत जावं, शिक्षकांना हात द्यावा, महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवून शिकवण्यावर बोलावं, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती आणि मला ती आजही चांगलीच वाटते.

१९९४ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला मात्र आधी पत्र्याचं शेड आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. मी तेव्हा चौथीत होते. त्या पहाटेवर मी इथं लिहीत नाही. इथल्या घराघरांत ती आहे आणि कित्येकांनी ती आपल्या मुलांनाही पुरी सांगितलेली नाही. त्यानंतरच्या शाळेबद्दल मात्र सांगायला हवं. शाळा शेडमध्ये भरायची. दुपारी पत्रा असा तापायचा की गुरुजी आम्हाला बाहेर लिंबाखाली घेऊन जायचे. हजेरी घेताना काही नावांपाशी ते थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. काही मुलं पुण्याला गेली होती. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी तिकडे नेली. वाघोलीहून सुट्टीत परत आलेली आमच्या बरोबरीची पोरं अंगानं भरलेली, शुद्ध बोलणारी अशी दिसायची आणि आम्ही त्यांच्याकडे बघत राहायचो.

पुढे बावन्न गावं नव्या जागेवर वसली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, इंजिनिअर आले, नकाशे आले. जुन्या गावातल्या दगडमातीच्या भिंती आणि माळवदं एकमेकांना खेटून होती, नव्या गावांत सरळ रुंद रस्ते आणि ऐसपैस प्लॉट पडले. माणसं मरू नयेत म्हणून ते तसंच करायला हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाव पसरलं की शाळाही कुणाच्या तरी दारापासून लांब जाते. आमच्या गावात ती एका टोकाला आहे. नकाशावर ते अंतर बोटभर दिसलं असेल. पहिलीतल्या पोराला ते एप्रिलच्या उन्हात पायांनी मोजावं लागतं. खासगी इंग्रजी शाळेची गाडी घराच्या दारात येऊन उभी राहते, तेव्हा आईनं कुठली शाळा निवडायची? आमचा पट कमी होण्याची जी कारणं कागदावर लिहिली जातात, त्यांत हे कारण मी कधी वाचलेलं नाही. शाळेचं पुढच्या तीस वर्षांचं भवितव्य कधीकधी अशा टेबलावर ठरतं जिथं एकही मास्तर बसलेला नसतो, हे मला या गावानं शिकवलं. वर जावं असं वाटण्याचं माझं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण एक माणूस आहे. मी नवी असताना आमच्या केंद्राला जे केंद्रप्रमुख होते, त्यांना सगळे गुरुजीच म्हणायचे. ते आले की ऑफिसात बसत नसत. चपला दाराबाहेर काढायच्या, वर्गात यायचं आणि मागच्या भिंतीला टेकून मुलांमध्ये सतरंजीवर बसायचं. मला सांगायचे, “चालू द्या बाई, मी नाहीच समजा.” एकदा तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. ५२ मधून २८. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलीनं पाटीवर उत्तर लिहिलं, ३६. तिची वजाबाकी चुकते हे मला माहीत होतं, पण नेमकी कुठं अडते ते सापडत नव्हतं. गुरुजींनी तिला काही सांगितलं नाही. पुढचं गणित घातलं, ७१ मधून ४५. तिनं लिहिलं, ३४. मग ६३ मधून १९. तिनं लिहिलं, ५६. एवढं झाल्यावर तिच्या कानाशी वाकून ते म्हणाले, “तू मोठ्यातून बारकं काढायलीस, व्हय ना?” पोरीनं मान डोलावली. आठातून दोन जातात, दोनातून आठ जात नाहीत. मग तिच्या हिशेबानं ती बरोबरच होती. गुरुजींनी माझ्या टेबलावरून काड्यांचे गठ्ठे मागवले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “आता मला आठ दे.” तिनं दोन दिल्या, हात आखडला, गठ्ठ्यांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, आणि एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

त्या दिवशी शेरेबुकात त्यांनी लिहिलं ते अजून शाळेत आहे: मुले स्वतःच्या रीतीने विचार करतात, ती रीत आधी समजून घ्यावी. खाली सही, तारीख. बाकी ओळ नाही.

त्यानंतरच्या वर्षांत शेरेबुकं बरीच भरली. पोषण आहाराचा साठा जुळला, हजेरी पाहिली, गणवेश वाटप झाले, स्वच्छतागृह आहे, ऑनलाइन माहिती भरलेली आहे, काही त्रुटी दूर कराव्यात. येणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे एका केंद्राचं काम आणि दुसऱ्या रिकाम्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार. खिशातला मोबाइल सारखा वाजतो, वरून ‘तात्काळ’ मागवलेली माहिती खालून ‘निरंक’ का होईना पण चारच्या आत जायलाच हवी. यू-डायसचे आकडे, आधारची जुळणी, आहाराचं अ‍ॅप, निपुण भारतच्या चाचण्या, निवडणूक आली की मतदार याद्या. अशा धावपळीत मागच्या भिंतीला टेकून कोण बसणार?

हे दुखणं आजचं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांच्या देखरेखीबद्दल स्पष्ट तक्रार आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरनं वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि तीही आधी न कळवता, असं त्यांनी मांडलं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी आपण ते निवेदन वाचतो, तपासणीबद्दलचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसानं स्वतः शाळा चालवल्या, त्याला शाळेत कुणीतरी जाणतं वरचेवर यायला हवं याची गरज कळली होती. तपासणी हा शिकवण्याचाच एक भाग आहे. ती मुलांऐवजी कागदांची होते तेव्हा बिघडते.

फॉर्म भरायचा की नाही हे ठरवताना मी अभ्यासक्रम काढून वाचला. अर्धे गुण बुद्धिमत्ता आणि अभियोग्यतेला. उरलेल्या अर्ध्यांत शिक्षणाविषयीचे कायदे आणि योजना, या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था, माहिती तंत्रज्ञान, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन, माहितीचं विश्लेषण, विषयाचं ज्ञान, संप्रेषण. वाईट नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मी पहिल्यांदा कलमवार वाचला तो या निमित्तानं. पण ज्याला उद्या दहा शाळांत जायचं आहे त्याला एखादा वर्ग बघायला लावून “काय दिसलं, सांग” असं ही परीक्षा कुठंही विचारत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत जिल्ह्याच्या शाळांचा प्रमुख व्हायला वेगळा परवाना लागतो. त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली काही काळ काम करून दाखवावं लागतं. आपल्याकडे आधी खुर्ची मिळते, प्रशिक्षण नंतर. छत्रपती संभाजीनगरची ‘मिपा’ अधिकाऱ्यांना शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन शिकवते, दिल्लीत ‘नीपा’ आहे. पण तिथं पोचेपर्यंत माणूस टपालात बुडालेला असतो. वर्गनिरीक्षण ही शिकायची विद्या आहे, आणि आमच्याकडे ती ज्याची त्यानं कमवायची. गुरुजींनी ती कुठं कमवली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, एकशिक्षकी शाळेत. चार वर्ग एका खोलीत घेणाऱ्याला एका वर्गाला शिकवता शिकवता बाकीच्या तिघांकडे बघावंच लागतं.

दरम्यान १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि या चर्चेला वेगळंच वळण लागलं. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. ज्यांची कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. आम्ही लागलो तेव्हा ही परीक्षाच नव्हती. पन्नाशीच्या आतबाहेरची माणसं दीडशे प्रश्नांच्या सराव पत्रिका घेऊन बसली. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंच्या मनाला हे फार लागलं. “इतकी वर्षं शिकवलं ते काय मग?” एवढंच त्या बोलल्या. त्यांचं दुःख खरं आहे. ज्या बाईंच्या हाताखालून गेलेली मुलं आज लातूरला डॉक्टर आहेत, त्यांना पात्रतेचा कागद मागणं जिव्हारी लागणारच. पण मला स्वतःपुरतं वाटलं ते वेगळं. अभ्यासाला बसायचंच आहे, तर एकाच बैठकीत दोन्ही अभ्यास होतील. पियाजे आणि वायगोट्स्की डी.एड.ला पाठ केले होते. आता वाचताना प्रत्येक ओळीला माझ्या वर्गातलं एखादं पोर डोळ्यांपुढे येतं. या वयात बालमानसशास्त्र वाचायला मिळालं, त्याबद्दल मी मनापासून आनंदी आहे.

घरी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, “तुला साहेब व्हायचंय, का तुला शाळा बघायच्यात?” मी म्हटलं, शाळा बघायच्यात. “मग आधी त्या गाडीवरून बघून ये की.” हे खरं होतं. केंद्रप्रमुख म्हणजे बारमाही दुचाकी. हमरस्ता चांगला आहे, लामजन्याच्या पाटीपासून किल्लारीपर्यंत गाडी सरळ येते. पण शाळा हमरस्त्यावर नसतात. आषाढात काळ्या रानातून गेलेल्या रस्त्यावर चाकात चिखल भरला की गाडी ढकलत न्यावी लागते. बाईमाणसाला आणखी एक हिशेब असतो, तो पुरुष सहकाऱ्यांना सांगावा लागत नाही: दिवसभरात कुठल्या शाळेत वापरण्याजोगं स्वच्छतागृह मिळेल. पगारात म्हणाल तर वरिष्ठ श्रेणी घेतलेल्या शिक्षकाला फारसा फरक पडत नाही. नेमणूक जिल्ह्यात कुठंही होऊ शकते. औशाऐवजी देवणी किंवा जळकोट आलं तर घर सोडावं लागेल. आत्याबाईंना गुडघ्यांचं दुखणं आहे, सोयाबीनच्या राशीला माणूस लागतं. या गोष्टी किरकोळ समजून लिहायचं सोडून देतात, पण निर्णय बहुतेक वेळा याच गोष्टींवर होतात.

गुरुजी निवृत्त होऊन औशाला राहतात. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला पहिलं विचारलं ते वर्गाचं. माझ्यानंतर जोडवर्ग कोण घेणार? मी सांगितलं, नवी शिक्षणसेविका आलेली आहे, हुशार आहे, तिला कविता फार छान घेता येतात, गणिताला घाबरते. ते म्हणाले, “मग तिला गणितात उभी करून जा.” मग माझ्या मनातली खरी भीती मी सांगितली: वर गेलेल्या माणसाच्या हातून मुलं सुटतात. त्यांनी ती खोटी ठरवली नाही. केंद्रप्रमुखाला कशाचेच अधिकार नाहीत, असं ते स्पष्ट बोलले. खोली बांधून देता येत नाही, शिक्षक देता येत नाही. फक्त वर लिहिता येतं आणि खाली समजावता येतं. “पण बाई, महिन्याची शिक्षण परिषद तुमची असते. ती कुणी हिरावून घेत नाही. तिच्यात टपाल वाचायचं का गणित घ्यायचं, हे तुम्हीच ठरवायचं.”

मी विचारलं, पुढे? लोकसेवा आयोगाची गट-ब ची परीक्षा देऊन गटशिक्षणाधिकारी होण्याची वाटही असते, आमच्यातले काही जण तिकडे बघतात. मला ती नको वाटते. पंचायत समितीतलं ते टेबल मी पाहिलं आहे. पगारबिलं, सेवापुस्तिका, बदल्या, न्यायालयीन प्रकरणं, आमसभेतले प्रश्न, माहितीचे अर्ज. प्रामाणिक माणूसही तिथं सकाळी नऊला बसतो आणि रात्री आठला उठतो, आणि त्या दिवसात त्याला एकही पोर दिसत नाही. केंद्रप्रमुख ही शेवटची पायरी आहे जिथून मुलाची पाटी दिसते. त्यावर गुरुजी जरा गरम झाले. “चांगली माणसं पाटी दिसते तिथंच थांबली, तर वर कोण बसणार? तुमच्या गावात शाळा कुठं बांधायची ते कुणी ठरवलं?”

मला याचं उत्तर देता आलं नाही आणि अजूनही पुरतं देता येत नाही. नव्या गावाच्या नकाशाची गोष्ट मीच मनाशी धरून आहे आणि त्या टेबलापासून मीच लांब पळते आहे, हे त्यांनी बरोबर पकडलं. पण माणसानं आपल्या ताकदीचा अंदाजही घ्यावा. फायलींशी भांडत वर्षानुवर्षं टिकणारा स्वभाव माझा नाही. मुलाशी आणि शिक्षकाशी बोलत टिकणारा आहे. ज्यांचा तो पहिला स्वभाव आहे त्यांनी जरूर वर जावं. माझ्याबरोबर डी.एड. झालेली एक मैत्रीण आज त्या वाटेवर आहे आणि तिच्या टेबलावर कुठल्याही शिक्षकाची वैद्यकीय बिलं अडकत नाहीत. तेही मोठंच काम आहे.

लातूर म्हटलं की महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. अकरावी-बारावी, नीट, फलकांवरची गुणवंतांची नावं. त्या यशाचा मला अभिमान आहे. पण त्या फलकापर्यंत पोचणारं पोर आधी कुठल्या तरी मंगरूळ, तळणी, गुबाळच्या शाळेत तिसरीला असतं, आणि गठ्ठा सोडायला तिथंच शिकतं किंवा शिकत नाही. तिथं लक्ष देणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही. ती जागा रिकामी राहते किंवा कुणाच्या तरी कार्यभारात जाते, आणि दोन वर्षांनी आपण म्हणतो की पाचवीच्या मुलांना वजाबाकी येत नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे. टीईटी द्यायची, केंद्रप्रमुखाची परीक्षा द्यायची, गट-ब चा विचार सोडून द्यायचा. देवणी-जळकोट मिळालं तर शनिवार-रविवार घरी यायचं. ह्यांनी त्याला होकार दिला आहे, आत्याबाईंनी दिलेला नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. सकाळचा एक तास अभ्यासाला, आणि शाळेत रोज शेवटचा तास नव्या बाईंच्या वर्गात मागे बसून. त्या सुरुवातीला अवघडायच्या. आता गणित घालून झालं की माझ्याकडे न बघता पोरांच्या पाट्यांवर वाकतात. परीक्षेत काय होईल ते होईल. केंद्र मिळालंच, तर पहिल्या महिन्याची शिक्षण परिषद हातच्याच्या वजाबाकीवर घ्यायची, केंद्रातल्या सर्वांत लांबच्या द्विशिक्षकी शाळेत घ्यायची, आणि तिसरीची मुलं समोर बसवून घ्यायची. त्या दिवशी टपाल वाचायचं नाही.